जुन्या डॅटसनमध्ये एलएस इंजिन बसवताना: कूलंटची वाट आणि सेन्सरच्या जागा

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा डॅशबोर्डवरचा काटा ७० अंशांवर निवांत बसला होता. गॅरेजचं दार पूर्ण उघडं, बाहेर मिशिगनचा फेब्रुवारी, आणि माझा भाचा ड्रायव्हरच्या सीटवर बसून हीटरच्या जाळीपुढे हात धरून. "मामा, हीटर गार वाराच फेकतोय," तो म्हणाला. मी बॉनेटखाली वाकलेला. "तापू दे की जरा," म्हटलं, आणि सहज लॅपटॉपकडे पाहिलं. इंजिनाचा कॉम्प्युटर ११२ दाखवत होता. इंजिन एकच, पाणी एकच, आणि दोन आकड्यांत ४२ अंशांचं अंतर. चावी फिरवून लगेच बंद केलं. असंच चालू राहिलं असतं तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, वाकायला वेळ लागला नसता.

दोन्ही सेन्सर चांगले होते. काट्याचा सेन्सर मी हीटरच्या होजमध्ये (रबराच्या पाण्याच्या नळीत) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून बसवला होता, आणि तो होज फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीजवळ, कमान करून वर चढत होता आणि पुन्हा खाली उतरत होता. त्या कमानीत हवा कोंडली होती. सेन्सर बिचारा त्या हवेचं तापमान सांगत होता. पाण्याचा त्याला स्पर्शच नव्हता. त्या संध्याकाळी सगळं पाणी काढलं, होज सोडवले आणि काम नव्या क्रमाने मांडलं: आधी हवेला वाट, मग पाण्याला वाट, आणि सेन्सरची जागा सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

गाडी आणि इंजिन

गाडी १९७७ ची डॅटसन २८० झेड. मूळ इंजिन २.८ लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं. त्या जागी मी २००२ च्या शेव्हरले सिल्व्हराडो पिकअपमधून निघालेलं ५.३ लिटरचं एलएम-७ बसवलं. जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातलं हे व्ही-८ इंजिन. या घराण्याची सुरुवात १९९७ च्या कॉर्व्हेटमधल्या एलएस-१ पासून झाली. अमेरिकेतल्या जंकयार्डांत ही इंजिनं मुबलक मिळतात, म्हणून इथे इंजिन बदलणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पिकअपचं उंच इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) झेडच्या बुटक्या बॉनेटखाली बसत नाही, त्यामुळे इनटेक एलएस-१ चं घेतलं. ऑइल पॅनही कारचा घ्यावा लागला. तो वेगळा विषय आहे.

पुढे जिथे डावं-उजवं म्हटलंय ते गाडीत बसून समोर पाहिल्यावरचं. अमेरिकी गाडीत ड्रायव्हर डावीकडे असतो.

कायद्याचं आधीच सांगून ठेवतो. मिशिगनमध्ये गाड्यांची धुराची तपासणी होत नाही. कॅलिफोर्नियात मात्र १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना ती चुकत नाही, म्हणजे हीच गाडी तिथे असती तर कागदपत्रांची तयारी आधी करावी लागली असती. महाराष्ट्रात जीपमध्ये किंवा जिप्सीमध्ये दुसरं इंजिन बसवायचा विचार असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा, आरटीओची परवानगी आधी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

हे इंजिन पाणी कसं फिरवतं

जुन्या शेव्हरले व्ही-८ वर हात बसलेले लोक इथे फसतात. त्या इंजिनात थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप) इनटेकच्या पुढच्या तोंडाशी, म्हणजे गरम पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर असतो. एलएसमध्ये तो वॉटर पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाशी असतो, रेडिएटरकडून गार पाणी परत येतं तिथे. पंप ब्लॉकमध्ये पुढून दोन्ही बाजूंनी पाणी ढकलतो. ते सिलिंडरांभोवतून मागे जातं, हेड गॅस्केटच्या भोकांतून वर हेडमध्ये चढतं, तिथून पुढे येतं आणि पंपाच्याच वरच्या तोंडातून रेडिएटरकडे निघतं. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी रेडिएटरकडे न जाता पंपाच्या आतल्या वाटेने पुन्हा इंजिनातच गोल फिरतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वरचा होज इंजिन गार असतानाही उघडाच असतो, त्यामुळे तो गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला असं धरू नका. खालचा होज हाताला गरम लागला की मग समजा. दुसरी, थर्मोस्टॅटला आत गोल फिरणाऱ्या पाण्याची ऊब लागली तरच तो उघडतो. पंपात हवा असेल तर पाणी फिरत नाही, ऊब पोचत नाही, थर्मोस्टॅट बंद राहतो आणि हेड तापत जातं. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

वाफेचंही समजून घ्या. हेडमध्ये एक्झॉस्टच्या वाटेभोवती धातू इतका तापतो की तिथे पाण्याचे बारीक बुडबुडे सुटत राहतात. ते वर जाऊन हेडच्या सर्वांत उंच कोपऱ्यात साचतात. जनरल मोटर्सने प्रत्येक हेडला पुढे एक आणि मागे एक अशी वाफ निघायची तोंडं दिली. सुरुवातीच्या इंजिनांत चारही जोडलेली असायची, नंतर मागची दोन पट्टीने बंद करून पुढची दोन नळीने जोडली. मागची बंद केली तरी चालतं, कारण गाडीत इंजिन मागच्या बाजूला थोडं खाली झुकलेलं असतं आणि बुडबुडे आपोआप पुढे येतात. तुम्ही इंजिन सपाट किंवा उलट्या झुकावाने बसवलं असेल, तर मागची तोंडंही जोडा. ती जागा फायरवॉलला खेटून असते, म्हणून हे इंजिन आत उतरवण्याआधीच ठरवा.

पहिली पायरी: उंची मोजा

एकही होज विकत घेण्याआधी हे करा. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करा, जॅकवर नको. आपल्याकडे गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तशीच एक पाचेक मीटरची नळी घ्या. तिच्या आधाराने सस्पेन्शनच्या टॉवरवर चिकटपट्टी लावून या उंच्या मार्करने आखा: हेडची वाफेची तोंडं, रेडिएटरच्या टाकीचा माथा, हीटरच्या जाळीचा (हीटरच्या आतल्या छोट्या रेडिएटरचा) माथा, आणि बॉनेट बंद असताना आत मिळणारी सर्वांत उंच जागा. बॉनेटची उंची काढायला इंजिनावर मातीचा किंवा कणकेचा गोळा ठेवून बॉनेट अलगद बंद करा. दबल्यावर गोळा जितका जाड उरेल तितकीच जागा.

माझ्या गाडीत रेडिएटरचा माथा वाफेच्या तोंडांपेक्षा ४० मिमी खाली निघाला. झेडचं बॉनेट पुढे उतरतं आणि मागे फायरवॉलकडे चढतं, म्हणून असं होतं. बुटक्या नाकाच्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांत हीच अडचण येते. पिकअपमध्ये किंवा जीपमध्ये रेडिएटर उभा आणि उंच असतो, तिथे वाफेची नळी सरळ रेडिएटरच्या वरच्या टाकीत नेली की काम झालं. पण रेडिएटर खाली असेल तर त्याच्या झाकणातून हवा कधीच पूर्ण निघणार नाही, तुम्ही कितीही वेळ ओतत बसलात तरी. अशा गाडीला वेगळी सर्ज टँक, म्हणजे उंचावर बसवलेली कूलंटची टाकी, लागतेच. पैसे वाचवायला इतर जागा आहेत, ही नाही.

सर्ज टँक

टाकीचा तळ वाफेच्या तोंडांपेक्षा वर असला पाहिजे. झेडमध्ये उजवीकडे फायरवॉलजवळ मूळ बॅटरी असते. ती मी सीटमागच्या कप्प्यात हलवली आणि त्या रिकाम्या जागी २ लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी बसवली. माझ्या पूर्ण यंत्रणेत ११ लिटर पाणी बसतं. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण गार अवस्थेतून १०० अंशांपर्यंत साधारण ५ टक्के फुगतं, म्हणजे सुमारे अर्धा लिटर. म्हणून टाकी निम्मी भरून निम्मी रिकामी ठेवली की फुगलेलं पाणी सामावतं आणि वर दाबाची हवाही राहते.

टाकीच्या जोडण्या अशा:

वर, पाण्याच्या पातळीजवळ, हेडच्या वाफेची नळी. तिच्या शेजारी रेडिएटरच्या गरम बाजूच्या टाकीच्या माथ्यावरून येणारी दुसरी नळी. या दुसरीत मी ३ मिमी भोकाचा अडसर घातला आहे, नाहीतर बरंच गरम पाणी रेडिएटर चुकवून टाकीतूनच फिरत राहतं.

तळातून एक जाडसर होज, १९ मिमीचा, पंपाच्या ओढीच्या बाजूला. मी तो हीटरहून पंपाकडे परत येणाऱ्या होजला पंपाजवळ टी देऊन जोडला. रेडिएटर आणि पंप यांच्यामधल्या खालच्या होजलाही जोडता येतो. उंचावरच्या टाकीतलं पाणी सतत पंपाच्या तोंडाशी उभं राहतं, त्यामुळे जोरात फिरताना पंपाला पाणी कमी पडत नाही.

दाबाचं झाकण फक्त या टाकीवर. रेडिएटरवर झाकण असेल तर तिथे साधं, स्प्रिंग नसलेलं झाकण घाला. दोन दाबझाकणं ठेवलीत तर त्यातलं कमजोर झाकण आधी उघडतं, आणि ते खालच्या पातळीला असेल तर हवा जायच्या आधी पाणी जातं. मी १५ पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं माप) वापरतो. एवढ्या दाबाखाली अर्धं-अर्धं मिश्रण सुमारे १२९ अंशांना उकळतं, दाब नसेल तर १०७ च्या आसपास. हे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. दाब सुटला की ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

वाफेच्या नळ्या

हेडपासून टाकीपर्यंत नळी सतत चढती हवी. मध्ये कुठेही झोळ नको, कमान नको. झोळात पाणी साचतं, कमानीत हवा. मी ३/८ इंची होज वापरला, कूलंटसाठीच बनवलेला. व्हॅक्यूमची नळी गरम पाण्यात काही महिन्यांत मऊ होऊन फुगते, ती लावू नका. नळी बसवल्यावर टाकीकडच्या टोकाला तोंड लावून हलकं फुंका. हेड रिकामं असेल तर हवा विनाअडथळा गेली पाहिजे. जंकयार्डातल्या इंजिनाच्या जुन्या नळ्यांत गंजाचा आणि चिकट गाळाचा थर हमखास असतो. माझ्या एका तोंडात तो इतका घट्ट होता की बारीक तारेने पोखरून काढावा लागला.

मोठे होज

बहुतेक एलएस पंपांवर रेडिएटरकडे जाणारं आणि तिथून येणारं अशी दोन्ही तोंडं उजवीकडे असतात. त्यामुळे दोन्ही जोडण्या उजवीकडे असलेला, मध्ये आडपडदा घातलेला रेडिएटर घेतला की वाट छोटी होते. माझ्याकडे आधीच घेतलेला रेडिएटर उलट्या बाजूचा होता. तो खपवण्यासाठी खालचा होज पंख्यासमोरून आडवा न्यायचा विचार केला आणि मापं घेतल्यावर सोडून दिला. पट्टा आणि पंखा यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा उरत होती.

दुकानात जाण्याआधी जाड तार, किंवा जुन्या वायरिंगची कडक केबल, हव्या त्या वाटेने वाकवून होजचा आकार काढा. ती तार घेऊनच स्पेअरच्या दुकानात जा आणि भिंतीवर टांगलेल्या साच्यातल्या होजांशी जुळवून पाहा. कोणत्या गाडीचा आहे ते गौण, वळण जुळलं की दोन्ही टोकं कापून तुमचा होज तयार. माझा वरचा होज एका व्हॅनचा आहे. सरसकट वाकणारे घडीदार होज मला पसंत नाहीत. त्यांच्या आतल्या वळ्या प्रवाह अडवतात आणि वाकवलेल्या जागी ते लवकर चिरतात. लांब अंतर असेल तर मधे अ‍ॅल्युमिनियमची सरळ नळी आणि दोन्ही टोकांना रबराचे छोटे तुकडे, हे सगळ्यात टिकतं.

नळीच्या टोकाला उठाव काढलेला असावा. गुळगुळीत नळीवरून दाबाखाली होज सुटतो. लेथवाल्याकडून उठाव काढून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

खालच्या होजवर पंपाची ओढ असते. इंजिन जोरात फिरवलं की मऊ होज चपटा होतो आणि पाणी थांबतं. उभ्या गाडीत सगळं ठीक आणि हायवेवर तापमान चढतंय, तर आधी हेच तपासा. आत स्प्रिंग असलेला होज घ्या.

अंतरं मी अशी ठेवली: एक्झॉस्टपासून किमान ५० मिमी, आणि तेवढी जागा नसेल तिथे उष्णतारोधक बाही. पट्ट्यापासून आणि पुलीपासून २५ मिमी. इंजिन आपल्या रबरांवर हलतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामधला कुठलाही होज ताणलेला नसावा. भाच्याला मी ब्रेक दाबून गिअरमध्ये हलकं अ‍ॅक्सिलरेटर द्यायला सांगितलं आणि बाजूला उभं राहून पाहिलं. इंजिन डाव्या बाजूने जवळजवळ २० मिमी उचललं जाऊन उजवीकडे कललं. गाडीसमोर कुणीही उभं असताना हे करू नका, आणि चाकांना अटकाव लावा.

हीटर

मिशिगनमध्ये हीटर हवाच, आणि काच स्वच्छ राहायला तो इतरत्रही हवा. झेडच्या मूळ हीटरला पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह असतो. तो बंद झाला की त्या होजमधला प्रवाह थांबतो. माझी सर्ज टँक परतीच्या होजवर जोडलेली असल्याने तिथे पाणी फिरतं राहणं मला हवं होतं. म्हणून चार तोंडांचा व्हॉल्व्ह लावला, जो हीटर बंद केला तरी पाणी जाळी चुकवून परत पंपाकडे नेतो. पंपावरची हीटरची दोन तोंडं वेगवेगळ्या मापांची असतात, ५/८ आणि ३/४ इंच. होज घेण्याआधी दोन्ही मोजून घ्या.

हीटरच्या जाळीत पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर न्या, म्हणजे हवा पाण्याबरोबर निघून जाते. होज फायरवॉलच्या खालच्या अंगाने न्या. माझी ती कमान आता नाही. कमान टाळताच येत नसेल तर तिच्या माथ्यावर हवा काढायची निप्पल बसवा.

आता सेन्सर

तापमानाच्या सेन्सरला तीन गोष्टी लागतात: त्याचं टोक पाण्यात बुडालेलं, ते पाणी वाहतं, आणि जागा अशी जिथे पाणी सगळ्यात गरम आहे पण हवा साचत नाही.

एलएसमध्ये कॉम्प्युटरचा सेन्सर डाव्या हेडवर पुढे, १ आणि ३ नंबरच्या सिलिंडरांच्या मध्ये असतो. आटे एम-१२ × १.५. तो तिथून हलवू नका. इंधन आणि पंखा त्याच आकड्यावर ठरतात. तसंच तोंड उजव्या हेडवर मागे, ६ आणि ८ च्या मध्ये, स्क्रूने बंद केलेलं असतं. काट्याचा सेन्सर तिथे बसवा. हेडमध्ये, वाहत्या पाण्यात, आणि कॉम्प्युटरच्या सेन्सरच्या नेमक्या विरुद्ध कोपऱ्यात. दोन्ही आकडे जुळले की दोन्ही हेडमध्ये पाणी फिरतंय असा विश्वास वाटतो. अट एकच: इंजिन आत गेल्यावर तिथे पाना सहज पोचत नाही. बाहेर असतानाच बसवा, वायरसुद्धा जोडून बाहेर काढून ठेवा. मी हे तेव्हा केलं असतं तर होजमध्ये टी घालायची वेळच आली नसती.

बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाच्या निमुळत्या आट्याचे असतात आणि त्यांना अ‍ॅडॉप्टर लागतो. अ‍ॅडॉप्टर आणि सेन्सर जोडून कॅलिपरने मोजा: सेन्सरचं टोक अ‍ॅडॉप्टरच्या बाहेर आलं पाहिजे. लांब अ‍ॅडॉप्टरमध्ये टोक आतच राहतं, तिथे पाणी साचून उभं असतं आणि काटा दहा-पंधरा अंश मागे चालतो. शक्यतो थेट एम-१२ चाच सेन्सर घ्या. काटा आणि सेन्सर एकाच कंपनीच्या जोडीतले हवेत, कारण प्रत्येकाचा रोध वेगळ्या हिशेबाने बदलतो.

एका वायरचा सेन्सर आट्यांमधून अर्थ (अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट) घेतो. त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले तर अर्थ कमकुवत होऊन काटा भलतंच सांगतो. आट्यांना द्रव सीलंटचं एक बोट पुरे. कॉम्प्युटरचा सेन्सर २० न्यूटन-मीटरवर घट्ट करा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर लावू नका, आटे गेले की हेड उतरवावं लागतं.

बसवण्याआधी सेन्सर तपासून घ्या. आम्ही स्वयंपाकघरात एक जुनं पातेलं, थर्मामीटर आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. जनरल मोटर्सच्या दोन वायरच्या सेन्सरचा रोध बर्फाच्या पाण्यात, म्हणजे शून्य अंशाला, ९,४२० ओहमच्या आसपास येतो. २० अंशांना ३,५२०, ४० ला १,४५९, ६० ला ६६७, ८० ला ३३२, आणि १०० ला १७७. भाचा आकडे वाचत होता, मी वहीत लिहीत होतो. पुण्यात हे केलंत तर लक्षात ठेवा, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे १७७ पेक्षा आकडा थोडा जास्त येईल आणि ते बरोबर आहे.

आणखी दोन सेन्सर आवर्जून लावा. एक, सर्ज टँकमध्ये पातळीचा स्विच आणि डॅशबोर्डवर लाल दिवा. होज फुटून पाणी निघून गेलं की तापमानाचा सेन्सर वाफेत लटकतो आणि काटा खाली येऊ लागतो, नेमका जेव्हा वर जायला हवा. फोर्डने काही इंजिनांत पाण्याऐवजी हेडच्या धातूचंच तापमान मोजणारा सेन्सर वापरला, त्यातही हीच काळजी आहे. आपल्याकडे तो नाही, पण काही डॉलरचा पातळीचा स्विच तीच राखण करतो. दोन, टाकीच्या हवेच्या भागात ० ते ३० पीएसआयचा दाबाचा सेन्सर. गार इंजिन सुरू करताच दाब झपाट्याने चढला तर हेड गॅस्केटमधून धूर पाण्यात येतोय हे तापमान वाढण्याच्या आधीच कळतं.

बाकीचे सेन्सर थोडक्यात. ऑइलच्या दाबाचा सेन्सर इनटेकच्या मागे, व्हॅलीच्या (सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खळग्याच्या) झाकणाच्या टोकाला असतो. काट्यासाठी दुसरा हवा असेल तर ऑइल फिल्टरच्या वरची दोन बोल्टांची छोटी पट्टी काढून तिच्यात आटे पाडून घ्या. नॉक सेन्सर (इंजिनातली ठोकर ओळखणारे) या पिढीच्या इंजिनात इनटेकखाली असतात आणि मागच्याच्या खळग्यात पाणी साचून तो गंजतो. इनटेक उघडलंच आहे तर दोन्ही बदला. ऑक्सिजन सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर तोंड करून बसवा, नाहीतर सकाळचं साचलेलं पाणी त्याच्या तापलेल्या टोकावर पडून आतलं सिरॅमिक तडकतं. क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) उजवीकडे स्टार्टरच्या मागे, एक्झॉस्टच्या शेजारीच असतो. त्याच्या वायरला उष्णतारोधक बाही घातल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

सेन्सरचा अर्थ कॉम्प्युटरच्या सेन्सर-अर्थच्या पिनकडेच न्या, बॉडीला लावू नका. पंखा सुरू होताना बॉडीच्या अर्थमध्ये जो झटका येतो तो सेन्सरच्या आकड्यात मिसळतो. पंख्याला वेगळा रिले, ४० अँपिअरचा फ्यूज आणि ६ चौरस मिमीची वायर. एलएस-१ च्या गाड्यांच्या मूळ प्रोग्रॅममध्ये पंखा बराच उशिरा, १०८ अंशांच्या आसपास लागतो. थर्मोस्टॅट ८६ चा असल्याने मी पंखा ९८ ला सुरू, ९४ ला बंद आणि दुसरा वेग १०४ ला असा ठेवला. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या फार जवळ आणलात तर पंखा थांबतच नाही.

भरणं आणि पहिली ऊब

पाणी भरण्याआधी हातपंपाच्या टेस्टरने १५ पीएसआय हवा भरून २० मिनिटं ठेवा. काटा खाली आला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. कोरड्या यंत्रणेत गळती शोधणं फार सोपं जातं.

नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी. मिशिगनच्या थंडीसाठी अर्धं-अर्धं मिश्रण, ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. वेगवेगळ्या रंगांची कूलंट मिसळू नका. एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि कुत्रा-मांजर ते चाटतात. थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडाचा घात करतं. सांडलेलं लगेच पुसा, काढलेलं बरणीत भरून योग्य ठिकाणी जमा करा.

गाडीचं नाक रॅम्पवर उचला. हीटर पूर्ण उघडा. टाकीचं झाकण काढून सावकाश ओता, वरचा होज हाताने दाबत राहा. प्रत्येक दाबाला टाकीत बुडबुडे येतील. ते थांबले की इंजिन सुरू करा आणि लॅपटॉप समोर ठेवा. वाफेच्या नळीतून टाकीत आधी फसफस येते, मग बारीक धार, मग अखंड धार. धार अखंड झाली आणि हीटर गरम वारा देऊ लागला की झाकण लावा. इंजिन अजून ६०-७० अंशांवर असतानाच हे व्हायला हवं. १०५ च्या वर गेलं आणि हीटर अजून गारच, तर लगेच बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या.

हातातल्या लेझर थर्मामीटरने पडताळणी करणार असाल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो आकडा फार कमी दाखवतो. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरा.

दुसऱ्यांदा सुरू केली तेव्हा भाचा पुन्हा त्याच सीटवर, हात हीटरच्या जाळीपुढे. लॅपटॉपवर ७१ असताना त्याने हात मागे घेतला. "मामा, आला गरम!" काटा आणि कॉम्प्युटर यांच्यात तीन अंशांचा फरक होता, उजवं हेड मागे थोडं जास्त गरम. खालचा होज ९० च्या पुढे गरम लागला, ९८ ला पंखा लागला, ९४ ला थांबला. असे पंख्याचे तीन फेरे होऊ दिले आणि इंजिन बंद केलं.

टाकीवर गार पाण्याच्या पातळीला त्याने खडूने रेघ मारून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. कुठेतरी उरलेली हवा रात्रीत निघाली होती. तेवढं ओतलं, सगळे क्लॅम्प पुन्हा आवळले, गाडी वीस मिनिटं फिरवून आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आणि रेघ एकाच जागी होते.